आधी हिच, मग आई

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

काल धाकट्याचा फोन. बदली झाली. धरणाच्या पंपिंग स्टेशनवरचं क्वार्टर तीस तारखेला रिकामं करून द्यायचं. नव्या ठिकाणी दीड खोली. त्यात तो, त्याची बायको, दोन मुली. म्हणून आई आता माझ्याकडे.

मी क्षणभरही न थांबता "अर्थात!" म्हणालो. मोठा मुलगा आहे मी. विचार कसला करायचा? फोन ठेवल्यावर लक्षात आलं, चहा तसाच राहिला होता.

आईची अट एकच. तिचं शिलाई मशीन बरोबर आलं पाहिजे. पायानं चालवायचं, जड लोखंडी स्टँडचं. याच मशीनवर शाळांचे युनिफॉर्म शिवून तिनं आम्हा दोघांना शिकवलं. शिवाय एक कपाट आणि पलंग.

निर्णय: रविवार, १५ तारीख. सगळं सामान आणि आई, एका खेपेत. गाडी आहेच. फोर व्हील ड्राइव्ह घेऊन सात महिने झाले, बिचारीनं ऑफिसचं पार्किंग सोडून काही पाहिलं नाही. कारखान्याचा छोटा ट्रेलर मिळेल. (अ‍ॅडमिनवाला "बघू" म्हणाला, म्हणजे हो.) फक्त गाडीला मागं टो-हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी बार आणि त्याच्या टोकाचा बॉल, नाही. तेवढा बसवला की झालं. आठवड्याभराचं काम.

३ सप्टेंबर, मंगळवार

बायकोचं म्हणणं, टेंपो करू. सकाळी जाऊ, दुपारपर्यंत परत.

तिला समजावलं की मी बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर आहे. अकरा वर्षांत आमच्याकडे मोठा अपघात नाही. अशा माणसाची आई अनोळखी टेंपोवाल्याच्या भरवशावर येणार? ही म्हणाली, आई टेंपोत नाही, गाडीत बसतील; टेंपोत मशीन. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ही भाजी चिरत राहिली. पटलेलं दिसलं.

नवी वही सुरू केली. पहिल्या पानावर 'टो-हिच: निवडीचे निकष'. समास आखले. दुसरं पान 'आईची खोली'. ते सावकाश भरू.

५ सप्टेंबर, गुरुवार

फोर बाय फोरवाल्यांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. कर्नलचं उत्तर चार मिनिटांत. (हा सैन्यात कधीच नव्हता. चष्म्यांचं दुकान आहे. पण अंगावर कायम हिरवा शर्ट आणि बोलणं हुकमी, म्हणून कर्नल.) तो म्हणतो, हिचचं नंतर. आधी रिकव्हरी पॉइंट. म्हणजे गाडी चिखलात रुतली तर दोर कुठे अडकवायचा, ती जागा.

मी म्हटलं, माझ्या गाडीला पुढं हुक आहेत. तो म्हणाला, खाली झोपून बघ.

खाली झोपून बघितलं. हुक आहेत, पण कर्नल म्हणतो ते गाडी जहाजावर आणताना बांधून ठेवण्यासाठी असतात. त्यांच्यावर रुतलेली गाडी ओढली तर हुक उपटून बंदुकीच्या गोळीसारखा येतो. खरा पॉइंट चासिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जाड बोल्टांनी बसवलेला असतो आणि किती टन सोसतो ते त्यावर कोरलेलं असतं.

सात महिने मी एका खोट्या हुकच्या भरवशावर हिंडतोय! धाकट्याच्या क्वार्टरचा शेवटचा तीन किलोमीटर रस्ता मातीचा आहे. पाऊस अजून गेलेला नाही. आईला घेऊन तिथं रुतलो असतो तर?

बायको म्हणाली, गेल्या पाच वर्षांत आपण तिथं तीनदाच गेलो, आणि तिन्ही वेळा साध्या गाडीनं. हा मुद्दा नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. याला सगळे ठिणगी म्हणतात. बोलताना वेल्डिंग थांबवत नाही. त्याला निकष वाचून दाखवले. बॉल पन्नास मिलिमीटरचा, बार चासिसला धरलेला, बंपरला नाही, ट्रेलरचं नाक किती भार टाकेल त्याचा हिशेब. पुढं दोन आणि मागं दोन रिकव्हरी पॉइंट.

त्यानं ठिणग्यांमधूनच विचारलं, ओढायचंय काय? मी म्हटलं, कपाट, पलंग, शिलाई मशीन. आणि आई, म्हणजे आई गाडीत.

त्यानं मान वळवून गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, मागची सीट काढा. मशीन आत बसेल. पलंग सुटा करून टपावर. कपाट तिथंच कुणाला देऊन टाका."

हसू आलं. चांगला कारागीर आहे, पण सिस्टिम म्हणून विचार करण्याची सवय नाही.

८ सप्टेंबर, रविवार

मागच्या खोलीत माझी व्यायामाची सायकल, जुन्या सेफ्टी फाइली, दोन मोडके पंखे. ही खोली आईची व्हायची आहे. मी म्हटलं, क्रम पाळू. आधी हिच, मग रिकव्हरी पॉइंट, मग खोली. दुपारी झोपून उठलो तर बायकोनं अर्धी खोली रिकामी केलेली. जड वस्तू एकटीनं उचलू नये यावर तिला पाच मिनिटं सांगितलं. तिनं दुसरा पंखा माझ्या हातात दिला आणि दार दाखवलं.

पाच वर्षांपूर्वी आई दोन महिने याच खोलीत होती. त्या काळात कारखान्यात नेमकं ऑडिट आलं आणि मला रोज उशीर व्हायचा. मग तीच म्हणाली, धाकट्याकडे धरणावर हवा चांगली आहे. हवापालट म्हणून गेली ती तिकडेच रमली.

आई घरात असली की मला उगाचच नापास झाल्यासारखं वाटतं. काही बोलत नाही ती. नुसती चष्म्यावरून बघते. (हे इथं गैरलागू.)

१० सप्टेंबर, मंगळवार

आईला फोन केला. ती विचारत होती, तुमच्या बाथरूममध्ये धरायला काही आहे का रे, मला आता गुडघ्यामुळं उठताना आधार लागतो. मी म्हटलं, ते होईल. आणि तिला हिचबद्दल सविस्तर सांगितलं. बॉल आणि बार यातला फरक. खोटे हुक आणि खरे हुक. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "बरं. तुझं गाडीचं होऊ दे आधी."

किती समजूतदार. बायकोला सांगितलं तर तिचा चेहरा भलताच झाला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

मागवलेला हिच आला! ठिणगीकडे धावलो. ब्रॅकेट दुसऱ्याच मॉडेलचं. सहा भोकांपैकी दोन जुळतात. ठिणगी म्हणाला, चार नवी पाडू. मी म्हटलं, चासिसला भोकं? त्यानं खांदे उडवले. परत पाठवला.

१५ तारीख शक्य नाही. २२ धरू.

धाकट्याला कळवलं. त्यानं तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, "दादा, आईनं बॅग भरून ठेवलीये. कपडे रोज बॅगेतनं काढते नि परत बॅगेत घालते." मी म्हटलं, घाईत सेफ्टी होत नाही. तो म्हणाला, "दादा, तुला जमणार नसेल तर तसं सांग. मी रागावणार नाही." मी विचारलं, जमणार नाही म्हणजे? तिकडून फोन कट. तिथं नेटवर्कचा प्रॉब्लेम आहेच.

१६ सप्टेंबर, सोमवार

शनिवारपासून बायको माझ्याशी कामापुरतंच बोलते. घरात शांतता. विचार करायला बरं.

जेवणाच्या सुट्टीत कारखान्याचा ट्रेलर मोजला. त्याची कपलिंग, म्हणजे बॉलवर बसणारी वाटी, माझ्या बॉलच्या उंचीपेक्षा खाली येणार. तसाच जोडला तर ट्रेलरचं नाक वर राहील आणि मशीन मागं सरकेल. म्हणजे मध्ये खाली उतरणारी एक पट्टी हवी. हे माझ्या लक्षात आलं नसतं तर? पुन्हा पुन्हा वाटतं, या गोष्टीला मी हात घातला म्हणून बरं.

जीएमनी विचारलं, आगीची मॉक ड्रिल या महिन्यात होती ना? म्हटलं, होईल.

१८ सप्टेंबर, बुधवार

कर्नलचा सल्ला: पुढच्या पॉइंटना साधे बोल्ट नकोत, जास्त ताकदीचे हवेत. ठिणगीचा सल्ला: तसे बोल्ट यायला आठवडा लागेल, तोवर निदान मागचा हिच बसवून घ्या. दोघांच्या मध्ये मी. निर्णय घेणं हे माझं रोजचं काम आहे, पण त्यासाठी पूर्ण माहिती लागते.

खोलीला पडदे लागलेत. हिनं लावले. निळे.

२१ सप्टेंबर, शनिवार

ऐतिहासिक दिवस. हिच बसला! नवं ब्रॅकेट, सहाही बोल्ट, काळा रंग, टोकाला चकचकीत बॉल. हात फिरवत बसलो. पट्टी सोमवारी. पुढचे-मागचे रिकव्हरी पॉइंट बोल्ट आल्यावर.

ठिणगीनं किल्ली देताना बोटानं बॉल ठोकून दाखवला. "साहेब, याला ट्रेलर लावा, खुशाल लावा. पण गाडी रुतली तर यावरनं ओढू नका. याची मान धक्का खायला बनवलेली नाही. तुटली तर कुणाचा तरी जीव जाईल."

मला सांगतोय! यावर मी कारखान्यात पोस्टर लावलेलं आहे.

उद्या ट्रेलर नाही (अ‍ॅडमिनवाला रजेवर), म्हणून उद्या आईला आणायचं नाही. रस्त्याची पाहणी फक्त. बायको म्हणाली, मी येणार, आणि मशीनचं नंतर बघू, आईंना उद्याच घेऊन येऊ. मी म्हटलं, बघू.

२३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो. घडलं तसं लिहायचं, हा रिपोर्ट लिहिण्याचा पहिला नियम.

मातीच्या रस्त्याला अकराच्या सुमारास लागलो. पाऊस बारीक. रस्ता ठीक होता. क्वार्टर समोर दिसायला लागलं, दोनशे मीटर असेल, आणि डावीकडे एक मोकळा उतार लागला. फोर व्हील ड्राइव्ह टाकून बघावं म्हणून मी तिकडून घेतली. बायको म्हणाली, "अहो, रस्ता इकडे आहे." मी म्हटलं, टेस्ट.

खाली काळी माती. चारही चाकं फिरली आणि चारही खाली गेली.

धाकटा पंपिंग स्टेशनचा ट्रॅक्टर घेऊन आला. पुढून ओढायचं तर पॉइंट नाहीत. मागून ओढायचं तर मागं हिच. दोर घेऊन तो बॉलपाशी वाकला आणि विचारलं, "दादा, इथे बांधू? चालेल ना?"

मला माहीत होतं. हे लिहायलाच हवं. ठिणगीचं वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. पण क्वार्टरच्या ओट्यावर धाकट्याची बायको, मुली, शेजारचे दोघं, सगळे बघत होते. मी म्हटलं, "बांध. खास त्यासाठीच बसवलाय."

पहिल्या ओढीला गाडी हलली नाही. धाकट्यानं जरा मागं येऊन झटका दिला.

एवढ्यात आई छत्री घेऊन ट्रॅक्टरपाशी आलेली. मला दिसली नव्हती. खरं तर दिसली होती. मला वाटलं, एका मिनिटाचं तर काम आहे.

आवाज फटाक्यासारखा. बॉलची मान तुटली. दोर बॉल घेऊन ट्रॅक्टरकडे गेला. धाकट्याच्या खांद्यावरून गेला, आईच्या छत्रीतून आरपार गेला आणि पाण्याच्या टाकीवर आदळला. टाकी कितीतरी वेळ घुमत होती.

छत्रीच्या कापडाला मुठीएवढं भोक. आईच्या डोक्यापासून वीतभर वर.

धाकट्यानं ट्रॅक्टर बंद केला, पण उतरेना. स्टिअरिंग धरून बसला. आईनं छत्री मिटली. माझ्याकडे आली, माझे दोन्ही दंड दाबून पाहिले, लहानपणी पडल्यावर पाहायची तसे, आणि विचारलं, "तुला लागलं नाही ना?"

मला!

मग शेजारचे दोघं फळ्या आणि दगड घेऊन आले. चाकांखाली घातले, सगळ्यांनी मागून रेटलं. गाडी दहा मिनिटांत वर.

निघताना बायको आईला म्हणाली, चला आमच्याबरोबर आत्ताच. आई म्हणाली, "मशीनशिवाय नको गं. त्याचा ट्रेलर येईल तेव्हा येते." बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

परतीच्या रस्त्यात बायको एकदाच बोलली. "तुम्हाला त्यांना आणायचंच नाहीये. एकदा तोंडानं म्हणा, म्हणजे आपण सगळे सुटू."

मी वायपरचा स्पीड वाढवला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

निअर मिस रिपोर्ट, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा अहवाल, लिहिला. कारखान्यातल्या फॉर्मवरच, सवय म्हणून. कारणे: दोराचा दर्जा अज्ञात. ट्रॅक्टरचालकास प्रशिक्षण नाही. संबंधित वृद्ध व्यक्ती धोक्याच्या रेषेत उभी होती.

हे तिसरं कारण लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं. फॉर्म फाडला. दुसरा घेतला. तो कोरा आहे.

दुपारी कामगारांना दहा मिनिटांचं सेफ्टीचं भाषण. आज विषय नेमका 'वजन ओढताना'. वेळापत्रक जूनमध्येच ठरलेलं. मोल्डिंगवाल्या एका बाईंनी विचारलं, सर, दोर तुटला तर माणसानं कुठं उभं राहायचं? मी सांगायला लागलो, दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, बाजूला. आणि मध्येच आवाज गेला. पाणी प्यायलो तरी येईना. फर्स्ट एडच्या खोलीत जाऊन पडलो. नर्सनं बीपी बघितलं, म्हणाली, घरी काही टेन्शन आहे का? म्हटलं, गाडीचं काम काढलंय.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी धाकट्याचा फोन. आई त्याच्याबरोबरच जातेय. ठरलं. नव्या क्वार्टरच्या पुढच्या पॅसेजमध्ये तिचा पलंग बसतोय, त्यानं जाऊन मोजून घेतलं. मशीन खिडकीपाशी. रविवारी सकाळी ट्रक.

मी म्हटलं, अरे पण माझ्याकडे पडदेसुद्धा लागलेत. तो म्हणाला, "दादा, ती स्वतःच म्हणाली. मी नाही म्हणालो." आणि लगेच, "तू वाईट वाटून घेऊ नको."

वाईट वाटण्याचा प्रश्नच नाही. गैरसमज आहे. रविवारी जो प्रकार झाला त्यानं आईचा आपल्या तयारीवरचा विश्वास उडाला, साहजिक आहे. तिला पूर्ण, नियमाप्रमाणे सज्ज गाडी दिसली की सगळं निवळेल. रविवारी ट्रकच्या आधी पोचायचं. ट्रेलरसकट.

ठिणगीला फोन केला. बोल्ट आलेत. त्याला रविवारची हकीकत सांगितली नाही. संध्याकाळी गाडी नेली, त्यानं तुटका बॉल हातात घेऊन बघितला. नवा बॉल लावताना आज पहिल्यांदाच त्यानं बोलण्यासाठी वेल्डिंग थांबवलं. म्हणाला, "कुणाला लागलं?" मी नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "मग सुटलात."

२८ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी ५

सगळं पूर्ण. हिच, पट्टी, पुढं दोन पॉइंट, मागं दोन, प्रत्येकावर टनांचा आकडा कोरलेला. जाड शॅकल, म्हणजे दोर अडकवायच्या लोखंडी कड्या, चार. ताणला जाणारा नवा दोर. दोरावर टाकायला वजनदार चादर, म्हणजे तुटला तरी उडणार नाही. ट्रेलर ताब्यात. अ‍ॅडमिनवाल्याच्या घरी जाऊन सही आणली.

ग्रुपवर फोटो टाकला. कर्नल: "आता कशालाही तयार."

बायकोला दाखवायला खाली बोलावलं. आली. प्रत्येक पॉइंट बघितला. म्हणाली, "छान झालंय." टोमणा नव्हता. तेच खटकलं. मी विचारलं, आई उद्या येईल ना? तिनं माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि वर गेली.

२९ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३

मी आणि बायको साडेआठला पोचलो. ट्रेलर मागं अगदी सरळ चालला, नाक ना वर ना खाली. मातीच्या रस्त्यावर एकदाही घसरलो नाही. पण ट्रक रात्रीच येऊन थांबलेला, आणि सामान चढलेलं. मशीन चादरीत गुंडाळून केबिनच्या पाठीशी बांधलेलं.

आई पुढच्या सीटवर बसलेली. मी खिडकीपाशी गेलो. म्हटलं, आई, सगळं तयार आहे आता, ये बघ. ती उतरली. हळूहळू गाडीच्या मागं आली. मी एकेक दाखवलं. तिनं कोरलेल्या आकड्यावरून बोट फिरवलं, शिवण तपासायची तसं. म्हणाली, "मजबूत केलंयस."

"मग चल ना."

"मजबूत झालंय रे," ती परत म्हणाली, आणि ट्रककडे परत निघाली. मी मागोमाग. तिला वर चढायला हात दिला. तिनं तो घेतला, तेवढाच.

ट्रक निघाला आणि त्याच उताराजवळ वळणावर मागचं चाक कडेच्या मातीत गेलं. ड्रायव्हरनं रेस केली, आणखी खाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. धाकटा नाही. तो जमिनीकडे बघत होता.

मी ट्रेलर सोडवला. गाडी पुढं घेऊन सरळ रेषेत लावली. माझ्या मागच्या पॉइंटला दोर, बॉलला नाही. ट्रकच्या पुढच्या हुकची खात्री करून घेतली, वाकून, हातानं. शॅकलचे पिन घट्ट. दोरावर चादर. मग सगळ्यांना ट्रकमधून उतरवलं. ड्रायव्हर तेवढा आत.

दोर दहा मीटर, म्हणून वीस मीटर लांब, आणि बाजूला. मी पावलं मोजली. धाकट्याची बायको आणि मुली गेल्या. माझी बायको गेली. आई थोडी चालून थांबली.

"आई, अजून मागे."

ती मागे गेली.

"अजून."

ती आणखी मागे गेली. उंचवट्यावर एकटीच, पदर डोक्यावर घेऊन. आज छत्री नव्हती. मी पुन्हा हात केला. तिनं तिथूनच ओरडून विचारलं, "एवढं लांब पुरे का रे?"

मी म्हटलं, "पुरे."

लो गिअर. सावकाश ताण. झटका नाही. दोर ताणला, गाडी जरा बसली, आणि ट्रक उचलल्यासारखा वर आला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मुलींनी टाळ्या वाजवल्या. धाकट्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. काही उडालं नाही. कुणाला लागलं नाही. अकरा वर्षांत इतकं बिनचूक काम मी केलं नव्हतं.

मी दोर गुंडाळेपर्यंत आई येऊन ट्रकमध्ये बसलीसुद्धा. मी पळत गेलो. हात चिखलाचे, म्हणून दाराला लावता येईनात. तिनं काच खाली केली. मला वाटलं, आता उतरते.

ती म्हणाली, "घरी जाऊन गरम पाण्यानं अंघोळ कर. भिजलायस."

ट्रक पक्क्या रस्त्याला लागेपर्यंत मी उभा होतो. रिकामा ट्रेलर परत जोडायला बायकोनं मदत केली. येताना तो सारखा उड्या मारत होता. ओझं नसलं की मारतोच.

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७

काल सुट्टी काढली. काही केलं नाही. ग्रुपवर कर्नल विचारतोय, पहिली रिकव्हरी झाली का, काय काढलंस बाहेर? फोटोला बरेच अंगठे आलेत. 'ट्रक' असं लिहून पाठवलं. मग ग्रुप म्यूट केला.

आज आईला फोन करायचा. तिला विचारायचं, झोप लागली का, पॅसेजमध्ये वारा येतो का, गुडघा कसा आहे. आणि सांगायचं ते सांगायचं. मुद्दे कागदावर काढले आहेत.

संध्याकाळी ६.४०

फोन केला. तिनंच उचलला. मी तोंड उघडण्याआधी तिनं विचारलं, "गाडी कशी आहे?"

म्हटलं, चांगली आहे.

"त्या ओढण्यानं काही झालं नाही ना तिला?"

म्हटलं, नाही, काही नाही झालं.

"बरं," म्हणाली. तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली, एक मुलगी काहीतरी मोठ्यानं वाचत होती. कागद माझ्या हातात होता. ती म्हणाली, ठेवू का मग? मी म्हटलं, ठेव.

याखाली 'उद्या नक्की' असं लिहिलं होतं. खोडलं.